सणाचं सामान तिथल्याच बाजारातून

सध्या सुट्टीला पुण्यात आलीये आणि जो भेटतो तो हेच विचारतो, "तिकडे सणावारी कसं गं करतेस, एकटं नाही का वाटत?" आत्या विचारते, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, मंडईत भाजी घेताना शाळेतली मैत्रीण भेटली तर तीही तेच. दर वेळी घाईघाईत काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा कंटाळा आला म्हणून एकदाच नीट लिहिते.

मी थायलंडमध्ये चाचेंगसाओ नावाच्या गावी इंग्रजी शिकवते, बँकॉकच्या पूर्वेला साधारण 60 किलोमीटरवर, बांग पाकोंग नदीच्या काठी. आपल्या सातवी-आठवीच्या वयाची मुलं आहेत. सकाळी 8 वाजता झेंडावंदन, मग तास, फळ्यावर तारीख लिहायची ती 2025 साली 2568 अशी, कारण त्यांचं बुद्धसंवत आपल्या इसवी सनाच्या 543 वर्षं पुढे. घड्याळ मात्र आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे, त्यामुळे घरची 8 ची आरती मला साडेनऊला व्हिडिओ कॉलवर मिळते.

आई दर वेळी बॅग भरून द्यायला बघते. तांदळाची पिठी, गूळ, मोदकाचा साचा, वाती, पणत्या, आकाशकंदील सुद्धा. मी तिला सांगितलंय की कापूर, अष्टगंध आणि कालनिर्णय एवढंच दे, बाकी सगळं मी तिथं शोधणार. तिला वाटतं मी वजनाचा विचार करतीये, पण वजनाचा प्रश्नच नाहीये. बाहेरून शिकवायला आलेल्या माणसाचं आयुष्य शाळा, खोली आणि कोपऱ्यावरचं सेव्हन इलेव्हन दुकान एवढ्यातच अडकून पडू शकतं, आणि सणाचं सगळं सामान बॅगेतून निघालं की दार लावून घेऊन सण करायचा आणि परत शाळेत जायचं एवढंच उरतं. शोधायला निघालं की गाव कळतं. कुठल्या गल्लीत केळीची पानं मिळतात, विड्याची पानं कोण विकतं, नारळ कोण खवून देतं, हे विचारत फिरताना जेवढी माणसं माझ्या ओळखीची झाली तेवढी स्टाफरूममध्येही झाली नाहीत.

दुर्वांचंच सांगते. तिथं जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' म्हणून शिक्षकांना वंदन करायचा कार्यक्रम असतो, आपली गुरुपौर्णिमाच म्हणा ना. मुलं गुडघ्यावर बसून फुलांची तबकं देतात, आणि त्या तबकात काय काय असायला हवं ते ठरलेलं असतं. इक्झोराची लाल फुलं, कारण त्याची कळी टोकदार, तशी बुद्धी तल्लख व्हावी. वांग्याचं फूल, कारण ते फळ धरायच्या वेळी खाली वाकतं, तसं नम्र व्हावं. आणि गवत. ते गवत हातात घेतलं आणि मी बघतच राहिले, कारण त्या चक्क दुर्वा होत्या! आपल्याच, जमिनीवर पसरणाऱ्या, पेरापेराला मुळं फुटणाऱ्या. तुडवलं तरी मरत नाही आणि भराभर पसरतं, तशी विद्या पसरावी, म्हणून ते गवत ठेवतात असं मुलांनी समजावलं. मी लगेच विचारलं, कुठून आणलंत? शाळेमागे कालवा आहे, त्याच्या काठावरून.

मग भाद्रपदात तीच मुलं माझ्यासाठी पिशवी भरून दुर्वा घेऊन आली. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून आम्ही तीन पात्यांची कोवळी टोकं निवडली, 21 ची जुडी कशी बांधायची ते मी दाखवलं, मोजणी अर्थातच इंग्रजीतून, कारण एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलं हात कामात असले की आपोआप बोलायला लागतात. 'दिस वन, टीचर?' 'नो, थ्री लीव्ज.' असं बराच वेळ चाललं होतं. एका अख्ख्या तासाच्या ग्रामर ड्रिलपेक्षा त्या व्हरांड्यातलं इंग्रजी मला जास्त खरं वाटतं, आणि हे मी शिक्षक म्हणून सांगतीये, हौशी म्हणून नाही.

मूर्तीसाठी माती आमच्या चित्रकलेच्या सरांनी दिली. त्यांच्या टेबलावर आधीपासूनच गणपती होता, कारण थायलंडमध्ये गणपती म्हणजे फ्रा फिकानेत हा कलेचा देव, त्यांच्या सरकारच्या ललितकला खात्याच्या बोधचिन्हातच गणपती आहे. सर म्हणाले, तू बनव, मी सोंड बघतो. आम्ही दोघांनी मिळून छोटी मूर्ती केली, रंग दिला नाही, नुसती मातीचीच ठेवली. विसर्जन बादलीत, आपल्याकडेही आता कितीतरी घरांत करतात तसंच, आणि ते पाणी शाळेतल्या आंब्याच्या झाडाला. पुढच्या वर्षी लवकर या हे मुलांनी इतक्या जोरात म्हटलं की बाजूच्या वर्गातले सर बघायला आले.

मोदकाचं तर सगळं सामान तिथं आपल्यापेक्षा सोपं मिळतं, हे पुण्यात कुणाला पटत नाही. सकाळच्या बाजारात खोबरंवाल्या मावशींकडे मशिन असतं, सोललेला पांढराशुभ्र नारळ मशिनला लावला की ताजा चव भुरभुर खाली पडतो, किती हवा ते सांगायचं. तीन तोंडांच्या हत्तीचं चित्र असलेली तांदळाच्या पिठीची लाल पिशवी कुठल्याही दुकानात असते, हिरवी घ्यायची नाही, ती चिकट तांदळाची. गुळाऐवजी नारळाची साखर, ती मऊ असते आणि तिला जरा खमंग वास असतो, त्यात वेलदोडा घातला की सारण असं काही होतं की मी आता पुण्यात आल्यावर आईला तशीच साखर आणून दिलीये. पहिल्यांदा मोदक घेऊन मावशींकडे गेले तेव्हा त्यांनी उलटापालटा करून बघितला, खाल्ला आणि म्हणाल्या, हे तर आमच्या खनोम तोमच्या जातीचंच आहे. तांदळाच्या पिठाच्या गोळीत गोड खोबरं, वरून परत खोबऱ्यात घोळवलेलं, आणि तेही देवापुढे ठेवायचं. मग त्यांनी मला हाताला धरून पलीकडच्या गल्लीत नेलं, खनोम तोम करणाऱ्या आजींकडे. त्या आजी आता माझ्या हक्काच्या आहेत, आजारी पडले तर भाताची पेज पाठवतात.

आणि गणपती बघायचाच असेल तर आमच्या चाचेंगसाओसारखं गाव नाही. ख्लोंग ख्वेआन भागात 39 मीटर उंच उभा गणपती आहे, ब्राँझचा, हातात फणस, ऊस, केळी आणि आंबा. हा सगळा प्रदेश फळांचा, आंब्यासाठी तर प्रसिद्धच, त्यामुळे ते हात बघून मला एकदम घरचं वाटलं. वात समान रत्तनाराम या मंदिरात नदीकाठी गुलाबी रंगाचा, पहुडलेला भलाथोरला गणपती आहे आणि त्याच्यासमोर रंगीबेरंगी उंदीर. आपल्या जन्मवाराच्या रंगाचा उंदीर शोधायचा आणि त्याच्या कानात इच्छा सांगायची, आणि सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, म्हणजे ती तिकडून निघून जाणार नाही. आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती आधी हसली आणि मग म्हणाली, माझ्या वतीनेही सांग. मी सांगितलं.

ढोल-ताशा मात्र नाही. ते खरंच मिळत नाही आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवताही येत नाही. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर मानाचे पाच गणपती निघतात, कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंत, तेव्हा मी तिकडे वर्गात वह्या तपासत असते आणि छातीत ठोका चुकतो. एकटं वाटतं का, तर हो, त्या दिवशी वाटतं. त्याच्यावर उपाय नाही, आणि मला तो शोधायचाही नाहीये.

नवरात्राचं एक भारी आहे. आपल्याकडे नऊ दिवस नऊ रंग घालून ऑफिसात फोटो काढतात, तिथं वाराचा रंग वर्षभर असतो, सोमवारी पिवळा तर आमचे बरेच शिक्षक घालूनच येतात, त्यामुळे मला कुणाला काही समजवावंच लागलं नाही. आणि बहुतेक वर्षी त्याच सुमारास तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचा शाकाहाराचा उत्सव असतो, तोही नऊ दिवस, रस्त्यावर पिवळे झेंडे लागतात, मांस नाही, कांदा-लसूण सुद्धा नाही. एरवी थायलंडमध्ये शाकाहारी माणसाला फिश सॉसपासून जपावं लागतं, या दिवसांत पिवळा झेंडा दिसला की बिनधास्त बसायचं. उपवासाला हातगाडीवरची भाजलेली रताळी, उकडलेल्या शेंगा, शहाळं. दसऱ्याच्या रात्री जमलं तर ट्रेनने बँकॉकला, सीलोम रोडच्या मारियम्मन मंदिराची मिरवणूक बघायला. तमिळ लोकांनी बांधलेलं जुनं देऊळ आहे, पण मिरवणुकीला निम्म्याहून जास्त थाई लोक दिसतात, रस्त्यावर झेंडूच्या माळा मांडून बसलेले.

दिवाळी बऱ्याचदा त्यांच्या ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आसपास येते. मी आकाशकंदिलाचाच धडा करते. आज्ञार्थी वाक्यं शिकवायची असतात ना, कट, फोल्ड, टाय, पेस्ट, त्याला याच्याइतकं चांगलं काही नाही. बांबूच्या कामट्या मुलंच तासून आणतात, आणि खरं सांगते, त्यांचे हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार, कारण केळीच्या पानाच्या घड्या घालत मोठी झालेली मुलं आहेत ती. पणत्या म्हणून मी खनोम थुआयच्या वाट्या वापरते, नारळाच्या दुधाची एक मिठाई त्या चिमुकल्या चिनीमातीच्या वाट्यांत वाफवतात, तेल-वात घातली की रात्रभर जळतात. किल्ला मात्र दिवाळीत जमत नाही, पण तो एप्रिलमध्ये भेटला. सोंगक्रानला, म्हणजे 13 ते 15 एप्रिलला त्यांचं नवं वर्ष, तेव्हा देवळाच्या आवारात वाळूचे छोटे स्तूप करतात, वर कागदाचे झेंडे लावतात. पोरं हात माखून, जीव ओतून करत होती. मी फोन काढून त्यांना आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातल्या किल्ल्याचे जुने फोटो दाखवले, शिवाजी महाराज, मावळे, अळीव पेरून केलेली हिरवळ, तर एकाने विचारलं, वाळूला गवत कसं उगवलं? मग अळीव म्हणजे काय हे सांगण्यात संध्याकाळ गेली.

त्रिपुरी पौर्णिमेला पुण्यात पाताळेश्वरला पणत्या लागतात, आणि बहुतेक वर्षी त्याच पौर्णिमेला तिथं लोय क्राथोंग. केळीच्या खांबाची चकती, पानांच्या घड्यांची कमळासारखी सजावट, मेणबत्ती, उदबत्ती, एखादं नाणं, आणि ते नदीत सोडायचं. कुणासाठी? गंगामाईसाठी, खोंगखा म्हणतात ते तिला, वर्षभर तुझं पाणी वापरलं, घाण केलं, क्षमा कर म्हणायचं. बांग पाकोंगच्या काठावर मुलांबरोबर उभं राहून मी मुठेची पण क्षमा मागते दर वर्षी. मनापासून मागते.

आता या शोधाशोधीत नुसतं सामानच नाही मिळालं, रस्ते पण मिळाले. पानवाल्या आजोबांनी सांगितलं म्हणून बान माय बाजार बघितला, नदीवर खांबांवर उभी लाकडी दुकानं, शंभर वर्षांहून जुना. झेंडूवाल्या ताईंच्या सांगण्यावरून बांग ख्लाला वात फो या देवळात गेले, तिथं झाडांवर दिवसाढवळ्या हजारो वटवाघळं लटकलेली असतात आणि कुणी त्यांना हाकलत नाही. थंडीत नदीच्या मुखाशी इरावती डॉल्फिन येतात, बोटीतून दिसतात. आणि वात सोथोन हे गावातलं मुख्य देऊळ, तिथं नवस फेडायला लोक उकडलेली अंडी वाहतात, ट्रेच्या ट्रे, आणि नवस फेडायचा म्हणून नर्तकींकडून नाच करवतात. हे सगळं कुठल्याही टूरमध्ये मिळालं असतं का? अंडी-डॉल्फिन मिळाले असते, पण कोण कुठं राहतं आणि कोणाच्या घरी कधी जायचं हे नसतं मिळालं.

तुमच्यापैकी कुणी शिकवायला बाहेर निघालं असेल तर माझं ऐका, बॅगेत पंचांग किंवा कालनिर्णय नक्की ठेवा. थायलंडमध्ये तर पौर्णिमा बघून सण ठरतात, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास त्यांची सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवसापासून भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास, आपल्या चातुर्मासासारखा. आणि पाडव्याला तिथं असाल तर कडुलिंब आणू नका. हिवाळ्यापासूनच भाजीवाल्यांकडे सादाओ म्हणून कडुलिंबाच्या कोवळ्या मोहोराच्या जुड्या येतात, ते लोक चिंचेच्या गोड चटणीबरोबर खातात. पाडव्यापर्यंत संपत येतात म्हणून मी माझ्या भाजीवाल्या काकूंना आधीच सांगून ठेवते, शेवटची जुडी माझी.