सात मेगाहर्ट्झच्या रेडिओतून १३७ किलोहर्ट्झ

१३७ किलोहर्ट्झवर संथ मोर्स पाठवायचं तर वॅटपेक्षा फ्रिक्वेन्सी जागेवर राहणं महत्त्वाचं. क्यूआरएसएस-३० या अतिसंथ मोर्सच्या प्रकारात एक डॉट तीस सेकंद चालतो. पलीकडचा माणूस तो कानाने ऐकत नाही, संगणकाच्या पडद्यावर रेघ शोधतो. सिग्नल हर्ट्झच्या दशांशाने सरकला तरी ती रेघ विस्कटते. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत सुटा ऑसिलेटर बांधून हे साधणं फार कठीण. माझ्या टेबलावर एचएफ ट्रान्सीव्हर (शॉर्टवेव्हवर पाठवणारा-ऐकणारा रेडिओ) होताच, त्यात अर्ध्या पीपीएमचा टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी दहा लाखांत अर्ध्या भागाहून जास्त न चुकणारा ऑसिलेटर, म्हणून त्यालाच कामाला लावलं.

त्याची फ्रिक्वेन्सी १३७ किलोहर्ट्झवर उतरवायला आधी मिक्सिंगचा, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींच्या वजाबाकीचा विचार केला: १०.१३७ मेगाहर्ट्झमधून १० वजा. पण वजाबाकीत चूक तशीच उरते. दहा मेगाहर्ट्झवर अर्धा पीपीएम म्हणजे पाच हर्ट्झ, ते खाली जसेच्या तसे येणार, वर दुसऱ्या ऑसिलेटरची चूक वेगळीच. भागाकारात चूकही भागली जाते. ७१३४.४ किलोहर्ट्झला ५२ ने भागलं की १३७.२, आणि तिथली साडेतीन हर्ट्झची चूक इथे ०.०७ वर येते. माझ्या मते घरी करणाऱ्याने हीच वाट धरावी.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आयसी आणल्या. ७४एचसी१६१ या काउंटर आयसीला दर फेरीला ३ लोड केला की तो १५ पर्यंत मोजून १३ ने भागतो. पुढे ७४एचसी७४ चे दोन फ्लिप-फ्लॉप चारने भागतात आणि वेव्ह बरोबर अर्धी-अर्धी निघते. ती तशी असली की सम हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, चौपट अशा नको असलेल्या फ्रिक्वेन्सी) दबतात, फिल्टरचं ओझं हलकं होतं.

खरी काळजी इनपुटला. रेडिओचे पाच वॅट ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) सोडले की पीक-टू-पीक ४५ व्होल्ट होतात. आयसीला पाचच झेपतात. म्हणून आधी व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टरचा डिव्हायडर, मग जादा व्होल्टेज छाटणारे दोन क्लॅम्प डायोड, मग वेव्ह चौकोनी करणारा श्मिट ट्रिगर. कीइंग, म्हणजे मोर्ससाठी सिग्नल चालू-बंद करणं, मात्र रेडिओवर करू नका. कॅरियर थांबला की इनपुट नॉइज मोजू लागतं आणि आउटपुट कुठल्याही लेव्हलला अडकतं. तेव्हा कॅरियर सलग ठेवायचा, कीइंग भागाकारानंतरच्या गेटवर करायचं. पुढे सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या मॉस्फेटच्या ड्राइव्हला कपॅसिटर हवाच, नाहीतर लेव्हल अडकली की मॉस्फेट गेलाच.

माझं १३७ चं आउटपुटही डमी लोडवरच आहे, परवान्यात तो बँड नसताना अँटेना जोडायची नाही. जीपीएसला बांधलेल्या फ्रिक्वेन्सी काउंटरवर दर वेळी शंभर सेकंद मोजून पाहिलं. पहाटेपासून भर दुपारपर्यंत शतांशाचा अंक दोन-तीन घरं हलला, बस्स. शेजारचे यंत्रमाग चालू असतानाही.

आता डब्ल्यूएसपीआर, म्हणजे क्षीण सिग्नल संगणकाने ओळखण्याची डिजिटल पद्धत, करायचं आहे. त्याचे टोन १.४६ हर्ट्झ अंतरावर असतात, भागाकारात तेही आकसतात. म्हणजे रेडिओतून ते ७६ हर्ट्झच्या अंतराने सोडावे लागतील. तो प्रोग्रॅम सध्या लिहितोय.