पारसिकचा लाल पट्टा आणि इंब्रियमचे लाव्हाप्रवाह

लोकांना वाटतं, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. प्रत्यक्षात माझं काम खुर्चीतलं आहे: चंद्रावरच्या मारे इंब्रियम या लाव्हाच्या काळसर मैदानातल्या (अशा मैदानांना मारिया म्हणतात) लाव्हाप्रवाहांच्या कडा नकाशावर आखायच्या. चांद्रयान-२ च्या टीएमसी-२ कॅमेऱ्याची चित्रं घेते, त्यात एक पिक्सेल म्हणजे पाच मीटर. चित्र निवडताना ऊन तिरपं हवं, कारण सूर्य डोक्यावर असला की प्रवाहाची कड सपशेल नाहीशी होते. तिरप्या उन्हात कडेची सावली पडते आणि सावलीच्या लांबीवरून जाडी निघते. इंब्रियममध्ये ती साधारण दहा ते साठ मीटर भरते, आणि त्यातला सर्वांत लांब प्रवाह तर बाराशे किलोमीटर गेलेला आहे. मग प्रवाहाच्या पाठीवरची विवरं मोजून त्याचं वय काढायचं: विवरं जितकी जास्त, तितका प्रवाह जुना.

हे सगळं वरून बघणं. बाजूनं बघायची सोय चंद्रावर फार थोडी. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन यांना हॅडली घळीच्या पलीकडच्या भिंतीत बेसॉल्टचे थर दिसले. तेही दुरूनच, ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून फोटो काढून.

मला मात्र ऐरोलीत घराच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. तोही लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "मॅडम, पारसिकच्या कटिंगमध्ये लाल पट्टा लागलाय, आणि दुपारी जाळी ठोकून शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचं काँक्रीट, मारणार आहेत," तेव्हा मी मीटिंगला दांडी मारून रिक्षा पकडली. मीटिंग कसली, तर कोणत्या फाइलला काय नाव द्यायचं याची.

साइटवरचे इंजिनिअर सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय ते बघून घ्या. तीनला मशीन लागणार." मी विचारलं, "एक दिवस थांबता येणार नाही का हो?" त्यांनी पट्ट्याकडे बोट केलं. पट्ट्याच्या खालच्या अंगानं पाणी झिरपत होतं. "हे भिजलं की लोण्यासारखं सुटतं आणि वरचा कातळ अंगावर येतो." त्यांचं खरं होतं. दोन प्रवाहांमधली ही लाल माती चिकणमातीसारखीच असते, ओली झाली की उताराचा घात करते. मला राग आला तो त्यांचा नाही, एवढी डोंगरं कापली जातात तरी कापलेल्या भिंतीची साधी नोंद ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही, याचा.

भिंत दोन मजली घराएवढी उंच, पोकलेनच्या दातांचे ओरखडे अजून ताजे. खालून वर वाचायला लागले. लाव्हा एकेका जिभेसारखा पुढे सरकत थरावर थर चढवतो; अशा प्रत्येक जिभेच्या तळाशी पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या असतात, वायू वर निसटताना राहिलेल्या. मध्ये घट्ट, निळसर काळा कातळ, त्यावर हातोडी टणकन वाजते. वर बुडबुड्यांची साय, आणि ते बुडबुडे झिओलाइट या पांढऱ्या खनिजानं भरलेले. (चंद्रावर हे पांढरं दिसायचं नाही, झिओलाइटला पाणी लागतं.) नळ्या, घट्ट, बुडबुडे, पुन्हा नळ्या. पट्ट्याच्या खाली अशा चार जिभा एकीवर एक होत्या. वरून उपग्रहातून बघितलं असतं तर मी त्या डोंगराला एकच प्रवाह म्हटलं असतं आणि चहा प्यायला गेले असते.

मग पट्टा. डाव्या टोकाला हातभर जाड, विटकरी लाल, नखानं खरवडला तर बोटाला लागणारा. वरच्या लाव्हानं भाजल्यामुळे माथ्याशी जास्त कडक. याचा अर्थ, खालचा लाव्हा थंड होऊन, त्यावर राख-माती साठून, कुजून, मग पुढचा लाव्हा आला. मध्ये बराच काळ गेला. उजवीकडे सरकत गेले तसा तो वीतभर झाला, मग बोटभर, आणि एका ओरखड्याच्या अलीकडे संपलाच. पुढे वरचा प्रवाह खालच्यावर थेट बसलेला. तिथल्या उंचवट्यावर माती टिकलीच नसावी. तिथेच उभं राहून बघितलं असतं तर मधला काळ कुणालाच सापडला नसता.

जपानच्या कागुया यानाच्या रडारनं चंद्राच्या मारियांखाली काहीशे मीटर खोलवर थर टिपले, ते याच जातीचे मानले जातात: दोन प्रवाहांमध्ये गाडली गेलेली धूळ. पण चंद्रावर ना पाऊस ना वारा, धूळ होते ती उल्कांच्या माऱ्यानं, आणि तीही अतिशय सावकाश. आज मारियांवर तिची जाडी चार-पाच मीटर, आणि ती व्हायला तीन अब्ज वर्षांहून जास्त लागली. दोन प्रवाहांमधला खंड, म्हणजे मध्ये गेलेला काळ, लहान असेल तर धूळ बोटभरच साठणार. रडारला ती दिसणार नाही, आणि माझ्या विवरांच्या मोजणीला फक्त सर्वांत वरचं पांघरूण कळतं. ज्याला मी 'एक प्रवाह, एक वय' म्हणते तो किती जिभांचा, किती खंडांचा, हे मला कशावरून कळणार?

फोटो काढले, उंची टेपनं मोजली, पट्ट्याचे तुकडे पिशव्यांत भरले. तीनला खरोखरच मशीन लागलं. संध्याकाळपर्यंत भिंत करडी झाली.

आमच्या लेखाच्या मसुद्यात मी 'एक प्रवाह' खोडून 'वरून एकच दिसणारा प्रवाह' असं केलं. सहलेखकांनी ते परत कापलं, वर शेरा: "यानं वाचक गोंधळेल." त्यांनी उभ्या आयुष्यात कातळाला हातोडी लावलेली नाही. कापलेलं मी पुन्हा घातलंय आणि सोबत भिंतीचा फोटो जोडलाय. अजून उत्तर आलेलं नाही.