खरखरीतला आवाज

आज आमच्या डीएक्स क्लबची, म्हणजे दूरदूरची रेडिओ स्टेशनं पकडून ऐकणाऱ्यांची बैठक. बैठक कसली, खिडकीबाहेर सोडलेली लांब तार आणि एका रेडिओभोवती सहा डोकी! सूर्य मावळला तसा शॉर्टवेव्हचा ३१ मीटरचा पट्टा स्टेशनांनी भरायला लागला. अंधार पडला की आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा, लहरी शोषणारा डी थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी हजारो किलोमीटर येतात. हे पाठ आहे, तरी खरखरीतून परका आवाज वर आला की काटा येतोच.

सिन्पोत, म्हणजे स्टेशन किती नीट ऐकू येतं त्याला पाच आकड्यांत गुण देण्याच्या पद्धतीत, मी ३५४३३ लिहिलं, शेजारच्या काकांनी २४३२२. रेडिओ एकच, तारही एकच, पण कान? अर्धा तास वाद.

आणि नेमकं स्टेशनचं नाव सांगताना सिग्नल बुडाला. आता क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची स्टेशनकडून येणारी पोचपावती, मागायचं कुणाकडे? यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, टिपून ठेवलीय. उद्या पुन्हा तीच फ्रिक्वेन्सी.