आजारी नसलेली आज्जी

श्रावण वद्य अष्टमीला रात्रपाळी असली की कॅज्युअल्टीत काय येणार हे आम्हा सिस्टरांना पाठ असतं. उपाशीपोटी गोळी घेऊन शुगर उतरलेले, साबुदाणा-शेंगदाण्यानं पित्त खवळलेले. त्या रात्री मात्र एकाच रिक्षातून पाच जण उतरले. सोलापूरच्या पूर्व भागातलं, यंत्रमागावर पोट असणारं घर. आईबाप, दोन पोरं, काका. सगळ्यांना चक्कर, मळमळ आणि थरथर. सोबत आज्जी, ती धडधाकट.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लांबूनच 'उपवासाचं पित्त' म्हणून टाकलं. सणाच्या गर्दीत हा शेरा फार स्वस्तात मिळतो, आणि मला त्याचीच चीड येते. पित्तानं हात कापत नाहीत. थोरल्या पोराला हात पुढे ताणायला सांगून बोटांवर केसपेपर ठेवला, तर कागदाची कड सारखी फडफडत होती. शुगर 104, ताप नाही, जुलाब एकालाही नाहीत. मग मनात आलं ते फवारणीचं औषध. आमच्याकडे आजूबाजूच्या गावांतून अशा केसेस येतात. त्यात लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. बॅटरी मारून पाचही जणांचे डोळे पाहिले. बाहुल्या व्यवस्थित होत्या.

"संध्याकाळी काय खाल्लं?" तर भगरीच्या पिठाची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. काकानं आमटी घेतलीच नव्हती, दह्याशी भाकरी खाल्ली होती. धाकट्यानं भाजीला हात लावला नव्हता. तरी दोघंही कापत होते.

विषबाधेत जो बरा आहे त्याला आधी विचारावं, पण तो पेशंट नसतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. मी आज्जीला विचारलं. कृष्णजन्म होईपर्यंत तिचा निर्जळी उपवास. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. सगळ्यांना वाढलं तिनं, खाल्लं काहीच नाही.

भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते. पावसाळ्यातली दमट हवा तिला मानवते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं तयार होतात. पिठात ओल लवकर शिरते, आणि बुरशीचं विष भाकरी भाजली म्हणून सहसा जात नाही. भगर घ्यायची तर पाकीटबंद घ्यावी, तारीख बघावी, निवडून-धुऊन लागेल तेवढीच दळावी. हे दर सणाला सांगितलं जातं, आणि दर सणाला सुट्टं पीठ खपतं.

डॉक्टरांना परत बोलावलं. या वेळी त्यांनी नीट ऐकून घेतलं, तेवढं श्रेय त्यांना देते. यावर उतारा असा नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि नाडी-बीपीवर नजर. पहाटेपर्यंत थरथर ओसरली.

आज्जी मात्र खाटेजवळून हलेना. "सिस्टर, भाकऱ्या मीच थापल्या की. भगर तर उपवासाची, ती कशी बाधंल? माझ्या हातातच काय दोष हाय का?" बारा वाजून गेले, जन्म झाला, तरी ती पाणी घेईना. "पोराच्या पोटात कायतरी टिकू दे मग." त्या वयात दिवसभर कोरडं राहिलेलं ते शरीर. मला पेशंटांपेक्षा तिचीच जास्त धास्ती होती. नातवाला पाजलेलं ओआरएस अर्धा तास टिकलं, तेव्हा तिनं ग्लास तोंडाला लावला.

उरलेलं पीठ बंद डब्यात घेऊन या, नमुना तपासायला देता येईल, असा निरोप मी घरी धाडला होता. तोवर शेजारणीनं डबा गटारात रिकामा केला होता, विष घरात कशाला म्हणून. ते पीठ बाजारातल्या उघड्या पोत्यातलं होतं. त्या पोत्यातलं अजून कुणाकुणाच्या घरी गेलं असेल, हे काही मला स्वस्थ बसू देईना. सकाळी ड्युटी सुटल्यावर दुसऱ्या दवाखान्यांतल्या मैत्रिणींना फोन लावले, "भगर खाऊन कापत कुणी आलं होतं का?" एकीकडे दोघं आले होते. केसपेपरवर पित्त लिहून, गोळ्या देऊन त्यांना रात्रीच घरी पाठवलं होतं.