साइड पॉट परत मिळवताना: माझा अनुभव

कॅसिनोच्या पोकर रूममध्ये चुकून दुसऱ्याकडे ढकललेला पॉट, म्हणजे डावात लागलेल्या चिप्सचा ढीग, परत मिळू शकतो, हे मी आता खात्रीने सांगू शकते. तो मिळेपर्यंत फ्लोअरच्या, म्हणजे रूमवर देखरेख करणाऱ्यांच्या, डेस्कसमोर जे तिष्ठत राहावे लागले त्याचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही, आणि हे लेखन बऱ्याच अंशी त्या रागातूनच होत आहे. यादीत नाव नोंदवणे, चिप्स घेणे, टेबल मिळणे हे सगळे सुरळीत पार पडले होते.

खेळ नो-लिमिट टेक्सास होल्डेमचा होता, ज्यात प्रत्येकाची दोन पाने स्वतःची आणि पाच सामाईक असतात, आणि टूर्नामेंट नव्हे तर कॅश गेम, म्हणजे थेट पैशांच्या चिप्सवर. फ्लॉपपूर्वी, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने उघडण्यापूर्वी, पॉटमध्ये १५० जमले होते. फ्लॉपला राजा, राणी आणि सत्ती आली. एका खेळाडूने जवळच्या सगळ्या ४०० लावून ऑल-इन केले, मी माझ्या सगळ्या १००० पुढे सारल्या आणि आम्हा दोघांपेक्षा जास्त चिप्स असलेल्या तिसऱ्याने त्या १००० ला कॉल दिला, म्हणजे तेवढेच लावले. रेक, म्हणजे कॅसिनो पॉटमधून कापतो तो हिस्सा, बाजूला ठेवला तर हिशेब सोपा आहे. तिघांचे प्रत्येकी ४०० म्हणजे १२००, त्यात आधीचे १५० मिळवून १३५० चा मुख्य पॉट, आणि माझे व तिसऱ्याचे उरलेले प्रत्येकी ६०० मिळून १२०० चा साइड पॉट. ज्याने ४०० लावले त्याचा या दुसऱ्या ढिगावर काहीच हक्क नाही. शोडाउनला, म्हणजे शेवटी पाने उघडताना, त्याच्याकडे तीन सत्त्या निघाल्या, माझ्याकडे त्यांच्याहून कमी ठरणाऱ्या राजा-राणीच्या दोन जोड्या, आणि तिसऱ्याचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) काही पूर्ण झाला नाही. म्हणजे मुख्य पॉट त्याचा, साइड पॉट माझा.

कसलेला डीलर अशा वेळी प्रत्येकाच्या बेटमधून आधी सर्वांत कमी लावणाऱ्याइतक्या चिप्स ओढून मुख्य पॉटमध्ये घालतो, उरलेल्यांचा वेगळा ढीग रचतो आणि कोणता ढीग कोणाकोणात आहे हे मोठ्याने सांगतो. शोडाउनलाही तो साइड पॉटचा निकाल आधी लावतो, म्हणजे त्या ढिगाचे हक्कदार कोण हे पाने उचलली जाण्यापूर्वीच ठरते. आमच्या डीलरने तिघांच्या चिप्स एकाच ढिगात ओढल्या, शेवटी ‘तीन सत्त्या’ एवढेच म्हणून सगळा ढीग त्या खेळाडूकडे ढकलला, आणि माझी उघडी पाने उचलून मकमध्ये, म्हणजे बाद पानांच्या ढिगात, टाकली. मी ‘थांबा, साइड पॉट माझा आहे’ असे स्पष्ट म्हटले, त्यानंतर त्याने पिसण्याच्या यंत्राचे बटन दाबले.

हा क्रम महत्त्वाचा होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या, पोकर स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांनुसार उघड्या पानांच्या निकालाबद्दलचा वाद पुढचा डाव सुरू होईपर्यंतच घालता येतो, आणि यंत्राचे बटन दाबले की नवा डाव सुरू झाला असे धरले जाते. ते नियम टूर्नामेंटसाठी आहेत. कॅश गेमला त्या-त्या रूमचे स्वतःचे नियम लागू होतात. या रूमचा नियम पॉटच्या वादालाही तीच मर्यादा घालत होता. मी आक्षेप आधी घेतला की नंतर, यावर सगळे अडून बसले.

फ्लोअर सुपरवायझरला बोलावण्यात आले. तो आला तोच घाईत, कारण प्रतीक्षा यादी आणि फोनही त्याच्याच गळ्यात होते. त्याने फक्त डीलरला विचारले. डीलरने सांगितले की नवा डाव सुरू झाल्यावर मॅडम बोलल्या. सुपरवायझरने तेवढ्यावर निर्णय दिला की पॉट गेला तिथेच राहील. माझ्या शेजारच्या खेळाडूने मी आधी बोलल्याचे सांगितले, तेव्हा त्याला गप्प बसवण्यात आले. चालू डावात दुसऱ्याला सल्ला देऊ नये हा नियम त्याच्यावर फेकला गेला. वास्तविक डाव संपल्यावर पॉट चुकीच्या ठिकाणी जात असेल तर टेबलावरच्या कोणीही ते बोलून दाखवावे, हीच सर्वत्र मान्य असलेली रीत आहे.

मी कॅमेऱ्याचे चित्रीकरण तपासण्याची मागणी केली. तिथून खरा खोळंबा सुरू झाला.

टेबलावरचे कॅमेरे पोकर रूमच्या ताब्यात नसतात. त्यांचा विभाग वेगळा असतो, आणि फ्लोअरने फोन करून वेळ, टेबल क्रमांक व नेमका प्रश्न कळवल्याशिवाय तिथे कोणी काही पाहत नाही. खेळाडूला ते चित्रीकरण दाखवले जात नाही. फक्त निष्कर्ष तोंडी कळवला जातो. ही व्यवस्था मला मान्य आहे, कारण ज्याच्या कर्मचाऱ्याने चूक केली त्याच्याच हातात पुरावा नसावा. परंतु सुपरवायझर फोनच करीत नव्हता. आधी एक नवे टेबल उघडायचे होते, मग कोणाची तरी जागा बदलायची होती, मग यादीतील नावे पुकारायची होती. दर वेळी ‘कळवले आहे’ असे उत्तर मिळे आणि दर वेळी तो फोन मला ठेवलेलाच दिसे. मी बसायला खुर्ची मागितली तेव्हा खेळाडूंनी आपल्या टेबलावर बसावे असे सांगण्यात आले, आणि टेबलावर जाऊन बसले की डेस्कवरचा विषय गार पडे. एवढ्यात डीलरची अर्ध्या तासाची पाळी संपली, तो दुसऱ्या टेबलाकडे गेला, आणि नव्या डीलरला घडल्या प्रकारातले काहीच माहीत नव्हते. मग सुपरवायझरचीही पाळी बदलली. जाणाऱ्याने येणाऱ्याला काहीही सांगितले नव्हते, त्यामुळे मला ४०० आणि १००० चा तोच हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला.

या काळात मला सर्वांत जास्त धास्ती होती ती समोरच्या चिप्सची. टूर्नामेंटमध्ये चिप्स उचलून निघून जाता येत नाही, पण कॅश गेममध्ये खेळाडू केव्हाही उठून कॅशियरकडे जाऊ शकतो, आणि एकदा चिप्स वटवल्या गेल्या की कॅमेऱ्याच्या निष्कर्षाचा उपयोग काय? म्हणून वाद निर्माण झाला की पहिली मागणी वादातील रक्कम बाजूला काढून ठेवण्याची करावी, कॅमेऱ्याची नंतर. मी ती केली होती आणि सुपरवायझरने ती ‘गरज नाही’ म्हणून टाळली. सुदैवाने तो खेळाडू बसून राहिला. त्याला साइड पॉट म्हणजे काय हेच नीट ठाऊक नसावे, त्यामुळे माझा त्याच्यावर राग नाही.

नव्या सुपरवायझरने, एक बाई होत्या, पहिल्याच दमात योग्य प्रश्न विचारला: माझी पाने टेबलावर उघडी होती का? होती. पाने जिंकणारी असतील आणि सर्वांसमोर उघडली असतील, तर डीलरने ती मकमध्ये टाकली म्हणून ती बाद होत नाहीत. पाने न दाखवता पुढे सारली असती तर मात्र मला काही दाद नव्हती. म्हणून शोडाउनला दोन्ही पाने चेहरा वर करून टेबलावर ठेवावीत, आणि पॉट आपल्यासमोर येईपर्यंत त्यांच्यावरून हात हलवू नये. डीलर मागत असला तरी.

त्यांनी माझ्यासमोर फोन केला. कॅमेऱ्यात पानांचे रंग पुसट होते, पण चिप्स कोणी किती पुढे सारल्या, माझी पाने उघडी होती, आणि माझा हात वर गेल्यानंतर डीलरचे बोट बटनावर गेले, हे स्पष्ट दिसत होते. कॅमेऱ्यात आवाज नसतो. म्हणून आक्षेप घेताना नुसते बोलू नये, हात उंच करावा. हे मला त्या सुपरवायझरनेच सांगितले, आणि इथे दिलेल्या सगळ्या सूचनांत मी या सूचनेला पहिली जागा देईन. साइड पॉटच्या चिप्स रेक वजा जाता माझ्याकडे आल्या. त्या खेळाडूने काही न बोलता त्या मोजून दिल्या.

डीलरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अनेक खेळाडू डीलरची गुणवत्ता वेगावरून जोखतात. टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात, रेक प्रत्येक पॉटमधून कापला जातो आणि बहुतेक ठिकाणी डीलरची कमाई टिपवर बरीच अवलंबून असते, त्यामुळे वेग सगळ्यांनाच हवा असतो. तरीही मला हळू पण मोठ्याने बोलणारा डीलर जास्त भरवशाचा वाटतो: जो ऑल-इनची रक्कम मोजून जाहीर करतो, बेट पूर्ण होईपर्यंत पॉटला हात लावत नाही, आणि शंका आली तर स्वतःच फ्लोअरला हाक मारतो. आमचा डीलर नवखा होता. त्याच्या शेजारी कोणी अनुभवी उभे न करता त्याला तिघांच्या ऑल-इनसमोर बसवणे ही चूक रूमची होती, आणि तसे मी लेखी तक्रारीत लिहिले.

तक्रारीचा अर्ज डेस्कवर ठेवलेला नसतो, मागावा लागतो. रूमच्या नियमांची छापील प्रतही मागावी. ती वाचताना तिथला सूर ताबडतोब बदललेला मी पाहिला. अर्जात टेबल क्रमांक, वेळ, डीलरच्या छातीवरील पट्टीवरचे नाव आणि दोन्ही सुपरवायझरांच्या पाळ्या लिहिल्या, आणि फोन करायला एवढा उशीर का झाला हा एकच प्रश्न विचारला. अर्जाची पोच मिळाली आहे. त्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.