चाळीस अंशांचा नकाशा आणि आमची गच्ची

नोव्हेंबरात आकाशाचा एक नकाशा मोबाइलवर उतरवून घेतला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘४० अंश उत्तर’ असं होतं, ते कोण वाचतंय! सप्तर्षी वर्षभर दिसतात, असंही त्यात होतं. रात्री आठला जळगावात गच्चीवर गेलो. मान दुखेस्तोवर उत्तरेला पाहिलं. एकही ऋषी नाही. तीन रात्री शहरातल्या दिव्यांना शिव्या घातल्या.

चूक कळली ती ध्रुवामुळे. शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या ‘एम’ आकारावरून तो सापडला. हात ताठ धरला की मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते. ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर भरला. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश, आणि जळगाव २१ अंशांवर. नकाशात तो चार मुठी वर! इथे ध्रुवच एवढा खाली, तर त्याच्याभोवती फिरणारे सप्तर्षी नोव्हेंबरच्या संध्याकाळी क्षितिजाआड जाणारच. वेळेचाही घोळ होता: आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, जळगाव ७५.५ च्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे नकाशातले आठ इथे जवळपास साडेआठला वाजतात.

उत्तरेला गमावलं ते दक्षिणेला वसूल करायचं ठरवलं. व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा अगस्त्य. तो ३७ अंशांच्या उत्तरेला उगवतच नाही, म्हणून त्या नकाशात नव्हताच. आपल्याकडे मात्र फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला दीड मूठ वर येतो. नेमक्या तेवढ्या उंचीवर आमच्या शेजाऱ्यांची पाण्याची टाकी!

मग मामाकडे, यावलजवळ. अंधार मस्त, थंडीही. पण शेताच्या बांधावर उभं राहिलं की चारी बाजूंनी केळी. व्याध डोक्याच्या बाजूला लखलखतोय आणि त्याच्याखालचं सगळं आकाश पानांनी खाल्लेलं. शेवटी घराच्या धाब्यावर चढलो. व्याधापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजल्या. भुसावळ-जळगावच्या उजेडाची पिवळट झाक होती, तिच्या वर तो, एकटाच.

मामी जिन्यावरून म्हणाली, “काय पाहून राह्यला रे भो?”

“अगस्त्य, मामी.”

ती वर आली, पदर डोक्यावर घेतला, बघितलं. “हा व्हय. हा उगवला की नदीचं पाणी निवळतं.” मग मला विचारलं, जेवायला खाली येणार की ताट वर आणू.