प्रिन्सेप घाट ते हावडा: हुगळीवरची एक संध्याकाळ

कोलकात्यात दिवस लवकर मावळतो. डिसेंबरात पाचलाच अंधारायला लागतं. मुंबई-पुण्याच्या सवयीने सहाला घाटावर पोचलात, तर पलीकडे हावड्याच्या बाजूला होणारा सूर्यास्त हुकलाच समजा. आम्ही साडेतीनला प्रिन्सेप घाटावर होतो.

उंच खांबांचा हा पांढरा मंडप ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ बांधलेला आहे. नाणेघाट, कार्ल्याचे लेख आज वाचता येतात ते त्याच्या कामामुळे, म्हणून मराठी माणसाने इथे जरा जास्तच रेंगाळावं. नदी आता मंडपापासून दूर सरकली आहे, मध्ये चक्ररेल्वेचे (शहरातल्या लोकल गाड्यांचे) रूळ आहेत, जपून ओलांडा. इथल्या वल्ह्याच्या नावा फक्त फेरफटक्यासाठी. भाव माणशी की अख्ख्या नावेचा, हे बसण्याआधीच ठरवून घ्या.

पलीकडे जायची लाँच मिळते बाबूघाटाला. काठाकाठाने साधारण दोन किलोमीटर चालायचं, सोबतीला झालमुडी, म्हणजे बंगाली भेळ. १८३० चा हा घाट दक्षिणेश्वरचं कालीमंदिर बांधणाऱ्या राणी राशमणींचे यजमान बाबू राजचंद्र दास यांचा, नावही त्यांच्यावरूनच पडलं. लोक आजही इथे स्नानाला येतात.

जेटी पाण्यावर तरंगती. तिला काठाशी जोडणारा लोखंडी पूल भरतीला जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला चांगलाच उतरता होतो. लाँच टेकली की खलाशी जाड दोराचा वेढा खुंटाला टाकतो, आणि रोजचे प्रवासी त्याच क्षणी उड्या टाकतात. तुम्ही घाई करू नका, दोर आवळला जाऊ द्या. तिकीट अगदी स्वस्त, सुटे पैसे मात्र हवेत. शेवटची लाँच किती वाजता, हे खिडकीवरच विचारून ठेवा. पावसाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राकडून पाण्याची लाट नदीत उलटी चढते, तिला तिथे बान म्हणतात. तशी सूचना झाली तर पायऱ्यांवर अजिबात उतरू नका.

लाँचमध्ये पुढे उभं राहायला मिळालं तर सोडू नका. १९४३ चा हावडा पूल समोरून मोठा मोठा होत येतो, डावीकडे सूर्य असतो. गाडीच्या काचेतून हा पूल कधीच असा दिसत नाही.

लाँच उतरवते ती थेट हावडा स्टेशनसमोर. मुंबईच्या गीतांजली किंवा पुण्याच्या आझाद हिंद एक्सप्रेसने परतणार असाल आणि पाठीवर एकच पिशवी असेल, तर टॅक्सी सोडा, असेच या. मोठ्या बॅगा असतील तर ओहोटीच्या वेळी त्या उतारावर हाल होतात; तेव्हा टॅक्सीच बरी.